माहेरी गेलेली नेची

आदरणीय थोरले साडूभाऊ, दंतवैद्य (निवृत्त, माझ्या मते केवळ रजेवर) यांस,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. कंबरेच्या तक्रारीमुळे तो तूर्त कागदावरच घालीत आहे. प्रत्यक्ष भेटीत पुरा करीन. इकडील सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे. मी मात्र जेवढे तपासले आहे तेवढेच लिहितो. सौ.ची प्रकृती चांगली आहे. माझी चांगली म्हणावी अशी आहे. (हल्ली मी फक्त डाव्या बाजूने चावतो, परंतु तो या पत्राचा विषय नाही.) आपल्या घराच्या दारे-खिडक्या बंद आहेत, दवाखान्यातील खुर्ची जागेवर आहे, मागचा नळ गळत नाही. आपला रक्तदाब, आपली झोप आणि आपल्या कन्येच्या घरातील जिन्याला कठडा बसला की नाही, या तिन्ही गोष्टी कृपया वेगवेगळ्या कळवाव्यात. मागील पत्रात आपण 'सगळं ठीक' एवढेच लिहिले होते. 'सगळं' या शब्दाखाली मी आजवर सही केलेली नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. विषय एकच आहे. पण तो जमिनीखाली असल्यामुळे तेथवर पोहोचण्यास थोडी उकराउकर करावी लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

आपण कन्येकडे निघालात तेव्हा सामान गाडीत ठेवून झाल्यावर मला एकच काम सांगितले होते: अक्कांची वाफ्यातली नेची सांभाळा. (अक्का गेल्यापासून आपण कोणाकडे दुसरे काही मागितले नव्हते, त्यामुळे हे वाक्य मी नीट ऐकले.) त्यानंतर थंडीच्या तोंडावर आपले पत्र आले. त्यातील मजकूर आपल्याच शब्दांत उद्धृत करतो, म्हणजे पुढे वाद नको. 'थंडीत नेची माहेरी जातात, असं ही दरवर्षी म्हणायची. माहेर म्हणजे तुमचंच घर, सख्ख्या बहिणीचं; तिला दुसरं माहेर होतं कुठे? तेव्हा ती तुमच्याकडे आली की कळवा. ती आहेत म्हटल्यावर मी परत यायचा विचार करीन. ती पण नसतील तर त्या घरात माझं काय आहे? काढून टाकतो घर.'

या मजकुराने मला घाम फुटला. आपण परत यावे की घर विकावे, हा निर्णय आपण ज्या मालावर अवलंबून ठेवला होता तो माझ्या ताब्यात आहे असे आपण गृहीत धरले होते, आणि माझ्या ताब्यात एकही नेचे नव्हते.

जमिनीत रुजलेली झाडे दर थंडीत उपटून शेजारी नेतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत आणून लावतात, असे आपण इतकी वर्षे मानत आलात, याचे मला आश्चर्य वाटले नाही. एक तर आपण उभा जन्म त्या बागेकडे पाठ करून लोकांच्या तोंडांत पाहण्यात घालवलात. दुसरे म्हणजे, काढणे आणि पुन्हा बसवणे यात आपल्या व्यवसायाला काही वावगे वाटत नाही. आश्चर्य मला माझे वाटते, कारण मीही ते मानले. परंतु मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि गोदामांतील माल तपासण्यात माझी हयात गेली. माल एका जागेवरून निघतो, दुसऱ्या जागी पोहोचतो, यावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा थोड्याच गोष्टींवर असेल. शिवाय थंडीचे दिवस म्हणजे आमच्या कचेरीच्या वार्षिक मालतपासणीचे दिवस. त्या काळात मी दरवर्षी फिरतीवर असतो. त्यामुळे नेची आमच्याकडे येतात की नाही, हे प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला कधी आला नव्हता. ज्या आवारात मी राहतो तेवढे एकच मी कधी तपासलेले नाही, हे यानिमित्ताने लक्षात आले.

सौ.ला विचारले. ती मागे वळून न पाहता म्हणाली, "त्या बागेतलं मला काही विचारू नका." विषय तेथेच संपला. आपल्या दोन्ही घरांच्या मागच्या आवारांमध्ये जे लाकडी फाटक आहे, त्याला अक्का गेल्या त्या दिवशी तिने आमच्या बाजूने कडी घातली. ती कडी तिने काढली नाही आणि काढ असे सांगण्याची माझी छाती झाली नाही. म्हणून मी रस्त्याने वळसा घालून, आपल्या पुढल्या दाराचे कुलूप काढून, दवाखान्यातून बागेत जात असे.

फिरतीवरून परतल्यावर गेलो तेव्हा त्या उत्तरेच्या भिंतीखालच्या सावलीच्या वाफ्यात नेची नव्हती. होता तो तपकिरी कचरा. सुकून मोडलेल्या काड्या, चुरगळलेल्या झिरमिळ्या, कुजका पालापाचोळा. आपल्या गैरहजेरीत आवार असे राहणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी खराटा आणून तो वाफा इतका स्वच्छ केला की त्यावर जेवायला बसता आले असते. (तो कचरा म्हणजेच नेची होती. थोडक्यात, ज्या प्रकरणाचा मी पुढे तपास केला त्यातील पुरावा मी स्वतः, स्वहस्ते झाडून, कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकला. हे कंसात लिहीत आहे, कारण कंसाबाहेर लिहिण्याचे धैर्य नाही.)

आता परिस्थिती अशी झाली. जावक झालेली आहे, कारण वाफा रिकामा. आवक झालेली नाही, कारण आमच्याकडे काहीच नाही. अशा वेळी आमच्या शास्त्रात तीनच शक्यता असतात: माल वाटेत आहे, माल चोरीस गेला आहे, किंवा माल मुळात नव्हताच. तिसरी मी तात्काळ वगळली; अक्कांना त्या वाफ्याशी वाकून बसलेले मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेले आहे. पहिलीसाठी दोन घरांमधली वाट तपासली. ती एका फाटकाच्या जाडीएवढी आहे. राहिली चोरी.

संशयाची सुई समोरच्या वकीलीणबाईंकडे वळली. त्यांच्या व्हरांड्यात कुंड्यांची एक रांग आहे आणि त्या कुंड्यांत नेची आहेत, तीही ऐन थंडीत हिरवीगार. मी त्यांच्याकडे पाण्याच्या दाबाविषयी चर्चा करण्याच्या निमित्ताने गेलो. बाई चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात मी एक पान उलटून पाहिले आणि जागीच थबकलो. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके होते, दोन सरळ ओळींत, सारख्या अंतरावर. इतकी शिस्त निसर्गात असते हे मला माहीत नव्हते. माझा समज असा झाला की कोणीतरी मालावर खुणा केल्या आहेत. दुसरे पान उलटले, तेथेही तेच. तिसरे उलटत असताना बाई कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या.

"काय शोधताय?" त्यांनी विचारले.

"आमच्या डॉक्टरांची नेची," मी म्हणालो. खोटे बोलण्याचा सराव नसल्यामुळे ऐन वेळी सुचत नाही.

"माझी बारा महिने अशीच असतात. नर्सरीतनं आणलीत. तुमची कुठे गेली?"

"माहेरी."

"मग येतील की," असे म्हणून त्यांनी कप माझ्या हाती दिला. "माहेरी गेलेल्यांचा एवढा तपास करू नये, जावईबापू. बरं दिसत नाही."

(त्या सौ.च्या माहेरच्या कोणी नाहीत; जावईबापू हा शब्द निव्वळ टोमणा म्हणून वापरलेला होता. त्यांचे उत्तर शब्दशः बरोबर होते हे मला पुढे कळले. त्या दिवशी मी ते उडवाउडवीचे समजून त्यांचे नाव संशयितांत कायम ठेवले. ठिपक्यांचा उलगडाही पुढेच झाला. ती नेच्यांची प्रजा असते म्हणे, बियांच्या जागी.)

यानंतर मी कोपऱ्यावरील दुकानाच्या फळ्यावर एक सूचना लावण्याचे ठरवले. माझा मूळ मजकूर निर्दोष होता, हे आपण स्वतः पाहावे: 'थंडी सुरू होताच माहेरी गेलेली नेची अद्याप पोहोचलेली नाहीत. उंची बेताची, अंगकाठी नाजूक, रंग हिरवा. उन्हाची सवय नाही. एकटी राहत नाहीत. कोणास आढळल्यास खालील पत्त्यावर कळवावे.' खाली माझे नाव आणि आमचा पत्ता. हा कागद मी टंकलेखकाकडे दिला. त्याने नेची म्हणजे काय हे मला विचारले असते तर मी सांगितले असते. त्याने ते एक स्त्रीचे नाव समजून, 'नाहीत' हा शब्द दोन्ही ठिकाणी 'नाही' असा सुधारला, आणि 'रंग हिरवा' हे अशक्य वाटल्यामुळे 'कपड्यांचा रंग हिरवा' असे केले. मी कागद न वाचता लावला. दोन 'त' गाळले गेल्यामुळे एका सभ्य माणसाच्या संसाराचे काय होऊ शकते, हे मी आता कोणत्याही सभेत सांगू शकेन.

प्रथम इस्त्रीवाला आला. कपड्यांचे गाठोडे उंबऱ्यावर ठेवून, इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून त्याने विचारले, "साहेब, वहिनी गेल्या त्या दिवशी काही बोलाचाली झाली होती का?"

त्याच क्षणी सौ. आतून आली आणि म्हणाली, "ह्या कॉलरला मागच्यासारखी खळ नको. मान कापते ह्यांची."

इस्त्रीवाल्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.  "मग त्या हिरव्या कपड्यांतल्या कोण?" असे त्याने इतक्या मनापासून विचारले की मला रागावता आले नाही.

त्यानंतर दोन दिवस रीघ लागली होती. निवृत्त पोस्टमास्तर येऊन माझा हात हातात घेऊन बसले. वकीलीणबाई येऊन सौ.ला म्हणाल्या, "तू खंबीर राहा. कागदोपत्री बायको तूच." गल्लीत आता माझ्याकडे एका नव्या आदराने पाहिले जाते. बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी, या कंबरेसह, तो आदर मला पेलत नाही.

परंतु या प्रकारात एक गोष्ट घडली ती कळवणे माझे कर्तव्य समजतो. वकीलीणबाई गेल्यावर सौ.ने ती सूचना मागवून घेतली, दिव्याखाली धरून वाचली, आणि ती हसली. तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अक्का गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी शेजारी उभा होतो. त्या दोन 'त'बद्दल टंकलेखकास सुनावण्याचा माझा बेत होता, तो मी रद्द केला.

हसून झाल्यावर मात्र तिने विचारले, "भाऊजींना काय कळवलंत?" मी खरे तेच कळवले होते: 'नेची पोहोचली नाहीत. आपल्या जागेवरही नाहीत. शिल्लक शून्य.' जे दिसत नाही ते शिल्लक नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. त्या नियमावर मी आजवर कितीतरी गोदामपालांना घाम फोडला आहे. सौ. एवढेच म्हणाली, "असं लिहिलंत? असंच?" आणि आत गेली.

त्यावर आपले जे उत्तर आले त्यात एकच ओळ होती. 'मग संपलंच. दलाल येईल, त्याला किल्ली द्या.' ती ओळ मी सौ.ला वाचून दाखवली नाही. तिने ती टेबलावरून स्वतःच वाचली आणि कागद पुन्हा होता तसा, त्याच घडीवर ठेवला.

दलाल आला. अतिशय नम्र मनुष्य. बोलताना आपल्याच तळव्यावर हात फिरवतो. सोबत एक गृहस्थ व त्यांच्या पत्नी, घर पाहण्यासाठी. मी आपल्या आज्ञेप्रमाणे किल्ली दिली. ती लागली नाही. मंडळी परत गेली. पुढील आठवड्यात पुन्हा आली. मी पुन्हा किल्ली दिली. ती पुन्हा लागली नाही. मधल्या काळात मी दलालाकडे आपले लेखी अधिकारपत्र मागितले, त्याच्या सहीचा नमुना मागितला, आणि त्याने दोन्ही आणल्यावर सहीतील एका वळणाबद्दल शंका उपस्थित केली. तिसऱ्या खेपेस दलाल म्हणाला, "साहेब, किल्लीचं राहू द्या. तुमच्या बाजूनं फाटक आहे ना? निदान मागची जागा तर बघू दे त्यांना." मी काही म्हणण्यापूर्वी तो आमच्या मागच्या आवारात पोहोचला होता आणि त्याने कडी काढलीही होती. एवढे दिवस ज्या कडीला आम्ही दोघांनी हात लावला नव्हता, ती त्याने बोलता बोलता, दुसऱ्याच विषयावर बोलत, काढली.

मी मागोमाग गेलो. गृहस्थ त्या सावलीत उभे राहून वर पाहत होते. "इथं ऊन येत नाही," ते म्हणाले.

"गाडीला ऊन कशाला हवं?" दलाल म्हणाला. "उलट चांगलं. ही माती काढून फरशी टाकली की झालं. दोन दिवसांचं काम. फरशीवाला आपलाच आहे."

गृहस्थांना ते पटले. ते पावले टाकून लांबी मोजू लागले, आणि मला जाणवले की आता माझ्याकडे हरकतीचा एकही मुद्दा उरलेला नाही. रिकामी जागा रिकामी आहे असे मीच लिहून दिले होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी वाफ्याशी थांबून म्हणाल्या, "अहो, इकडं नका येऊ. किडे आहेत."

मी पाहिले. खरोखरच मातीतून काहीतरी वर आले होते. तपकिरी, केसाळ, स्वतःभोवती घट्ट गुंडाळलेले. सुरवंटासारखे म्हणावे तर उभे, गोगलगायीसारखे म्हणावे तर कवच नाही. एक नव्हे, ठिकठिकाणी. दलाल म्हणाला, "काही नाही बाई, आत्ता काढतो," आणि त्याने बूट उचलला.

"पाय मागे घ्या."

सौ. फाटकात उभी होती. कणकेचे हात तसेच होते. ती खिडकीतून पाहत होती की काय, मला माहीत नाही.

"ताई, किडा आहे," दलाल म्हणाला.

"असू दे. किडा असला तरी ह्या घरचा आहे. तुम्ही पाय मागे घ्या."

दलालाने पाय मागे घेतला. (अधांतरी असलेला पाय परत जागेवर ठेवणे त्याला जड गेले, मी त्याला दंडाला धरून आधार दिला, कारण पडला असता तर वाफ्यातच पडला असता.) सौ. आत आली, वाफ्याशी खाली बसली आणि कणीक न लागलेल्या एका बोटाने त्यातला एक किडा तिने जागच्या जागी अलगद वर करून धरला. तो किडा नव्हता. आत, गुंडाळीच्या पोटात, फिकट हिरव्या रंगाचे एक संपूर्ण पान घडी घालून ठेवलेले होते. सर्व पाती, सर्व दाते, एवढ्याशा जागेत. माझ्या आयुष्यात मी अनेक गोदामे पाहिली, पण इतकी नीट रचना पाहिलेली नाही.

"आल्या," सौ. म्हणाली.

नेची हा शब्द नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे. व्याकरणदृष्ट्या तेथे 'आली' असे हवे होते. मी दुरुस्ती केली नाही.

गृहस्थ व त्यांच्या पत्नी ही सभ्य माणसे होती. काय झाले ते न कळूनही ती दोघे फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने निघून गेली. दलाल मात्र बराच वेळ थांबला होता. शेवटी तोही वाकून पाहू लागला आणि म्हणाला, "हे सगळं आत होतं होय?" मला तो मनुष्य तेव्हापासून आवडू लागला आहे, तरी किल्ली मी त्याला देणार नाही.

ते गेल्यावर सौ.ने मला सांगितले ते आता आपणास सांगतो. अक्कांनी ते आपणास का सांगितले नाही, हे मला ठाऊक नाही. कदाचित सांगितले असेल आणि त्या वेळी कोणी तोंड उघडून खुर्चीत बसलेला असेल. त्या दोघी बहिणी मामांकडे वाढल्या. लग्नानंतर सगळ्या मैत्रिणी माहेरी जात, यांना जायला जागा नव्हती. अक्का त्या नेच्यांकडे पाहून म्हणत, "ह्यांचं बरं आहे. थंडी पडली की अंगावरचं सगळं टाकून देतात आणि खाली माहेरी जातात. कुणी उठवत नाही, कुणी काम सांगत नाही. पोटभर झोपून परत येतात." माहेर म्हणजे आमचे घर नव्हे, डॉक्टरसाहेब. माहेर म्हणजे तीच जमीन. माल निघाला नव्हता, पोहोचायचाही नव्हता. तो जागेवरच होता आणि दिसत नव्हता. ही चौथी शक्यता आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.

त्यानंतर मी वाचनालयात जाऊन आवश्यक ती माहिती घेतली. काही नेची सदाहरित असतात (वकीलीणबाईंची, त्यांचे नाव मी संशयितांतून कमी केले आहे व पाण्याच्या दाबाविषयी खरोखर चर्चा केली आहे). काही पानझडी असतात; अक्कांची ती ही. यांची पाने थंडीत पूर्ण सुकतात, परंतु खालचे खोड आणि मुळे जिवंत राहतात. सुकलेली पाने झाडून टाकायची नसतात. तेच त्यांचे पांघरूण. नवी पाने वर आल्यावरच जुन्या काड्या कापायच्या. माती ओलसर ठेवायची, पण चिखल करायचा नाही. हे वाचून मी कोपऱ्यातल्या खड्ड्यातून सर्व पालापाचोळा परत काढला आणि वाफ्यावर पसरला. पांघरूण ओढून घेतल्यावरही ती बिचारी उठली, याचे श्रेय माझ्याकडे जात नाही. पाणी सौ. घालते. मला झारी धरू देत नाही. म्हणते, तुम्ही पाणी घालत नाही, वाटप करता.

तरी, माझे मागील पत्र रद्द समजावे. त्याऐवजी पुढील मजकूर ग्राह्य धरावा: नेची आहेत. ती कधीही गेली नव्हती. यापलीकडे मी कोणताही निष्कर्ष काढीत नाही. निष्कर्ष काढणे हे माझे काम नव्हे, शिल्लक सांगणे हे आहे. घराचे काय करायचे ते आपण आपल्या मर्जीने ठरवावे. आमच्याकडून कोणताही आग्रह नाही.

कन्येस व जावयांस आशीर्वाद सांगावेत. जिन्याच्या कठड्याचे विसरू नये.

आपला आज्ञाधारक,
धाकटा साडू

ता. क. दलालास दिलेली किल्ली दोन्ही वेळा माझ्या कपाटाची होती. पहिल्या वेळी ती चूक होती.

आणखी ता. क. मी डाव्या बाजूने चावतो असे वर लिहिले आहे. उजवी, खालची, शेवटून दुसरी दाढ. आपण गेल्यापासून दुखत आहे. येथे आता एक नवे दंतवैद्य आले आहेत. मी त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी नुसते वरून पाहिले आणि ते म्हणाले, "ही गेली. काढून टाकू." मी तोंड मिटले आणि घरी आलो. वरून पाहून 'गेली' म्हणणाऱ्या माणसांवर माझा आता विश्वास राहिलेला नाही. (त्यांत मी स्वतःही आलो.) मूळ शाबूत आहे की नाही, हे मला आपल्या तोंडून ऐकायचे आहे. दुसऱ्या कोणासमोर मी तोंड उघडणार नाही. यास आग्रह समजू नये. ही वैद्यकीय अडचण आहे.

भाऊजी, खालचं मी लिहिते आहे. पत्र पोस्टात टाकायला मीच नेते, नाहीतर हे आणखी एक ता. क. लिहीत बसतील. दाढेचं खरं आहे. रात्री कण्हतात आणि विचारलं तर 'निरीक्षण चालू आहे' म्हणतात. संध्याकाळी किल्ली घेऊन तुमच्या दवाखान्यात जातात. म्हणतात तपासणीला, पण मी एकदा डोकावले तर तुमच्या त्या खुर्चीत नुसते बसले होते, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत. ती हिरव्या कपड्यांतली कोण, हे मी गल्लीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की मी नुसता सुस्कारा टाकते. फार मजा येते. अक्का असती तर तिनं आणखी भर घातली असती.

फाटकाला आता कडी लावत नाही. तुम्ही याल तेव्हा पुढचं कुलूप काढत बसू नका, आमच्याकडून मागनं या. पण पाय जरा बघून टाका. सगळ्या अजून उठलेल्या नाहीत.